उजवा गाल

"तोंड वर कर गो आये. जरा उजेडाकडे."

पल्लवीने आईची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि दारातल्या उन्हाकडे वळवली. सुमंगला उंबऱ्यावर बसली होती. पुढ्यात सूप, सुपात तांबडी भाजी, निम्मी निवडलेली.

"ह्या वयात तोंड कोणाक दाखवूचा आसा? सोड. भाजी सुकता."

"गप बस."

पल्लवीने आधी डावा गाल पाहिला. डोळ्याखालून नाकाच्या कडेपर्यंत पसरलेला तो फणसाच्या पानाएवढा डाग, जो तिने जन्मापासून पाहिला होता, तो विरला होता. पुरता गेला नव्हता, पण दूध घातलेल्या चहासारखा फिका झाला होता. तिला हसू फुटलं. मग तिने हनुवटी दुसरीकडे वळवली आणि हसू तसंच ओठांवर राहिलं. उजवा गाल होता तसाच होता. आमसुलासारखा काळपट, कडेला जास्तच गडद.

"आये, रात्रीचा औषध दोनय गालांक लावतस मा?"

"नाय."

"नाय म्हणजे?"

"डाव्याक लावतंय." सुमंगलाने हनुवटी सोडवून घेतली आणि देठ मोडायला लागली. "नवीन खत हाडला, तर सगळ्या वाफ्यांक एकदम घालतस काय? एका वाफ्याक घालूचा, बाजूचो तसोच ठेवूचो. मगे कळता, खतान आयला काय देवान दिला."

"गाल म्हणजे मिरशेचो वाफो न्हय!"

"म्हणान काय झाला? वाफ्यासारखोच उजळलो मा? बघ की. औषध बरा आसा. आता आजपासून उजव्याक."

मुळगावात सुमंगलाचे सहा वाफे मिरचीचे, दोन तांबड्या भाजीचे आणि विहिरीच्या कडेला मुळा. नवरा महादेव खनिजाचा ट्रक चालवायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. धाकटा अमोल थिवीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. वाफे तिचे एकटीचे. दोडामार्गाकडून लग्न होऊन आली तेव्हापासून तिने कुणाच्या सांगण्यावरून काही पेरलं नव्हतं. स्वतः करून बघायचं, मग विश्वास ठेवायचा. मूठभर खताच्या बाबतीत जी रीत, तीच तिने म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंच्या ट्यूबला लावली, यात तिच्या दृष्टीने काहीच चुकीचं नव्हतं.

"आणि दिवसाचा? उन्हाचा क्रीम?"

"तो राजाचो रंग? तो दोनय गालांक फासतंय. शेजारची मालती मेरेवरसून काय म्हणता, वयनी, दशावतारात राजाचा काम मिळाला काय? मी म्हटलंय, राजाचा नाय गो, संकासुराचा. तुका धरूक येतंय."

पल्लवी हसली. रागवायचं ठरवून ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की डाव्या गालाची कातडीसुद्धा मऊ झाली आहे, आणि उजव्या गालावर ताजे, बारीक ओरखडे आहेत.

"आये, तू उजव्याक अजून घासतस?"

"घासतंय."

"डॉक्टरीणीन काय सांगलेल्यान? घासूचा नाय म्हणान!"

"डाव्याक नाय घासणय." सुमंगलाने मूठभर पानं टोपलीत टाकली. वर न बघता, अगदी सहज, जसं कुणी मीठ संपलं म्हणून सांगावं तशी म्हणाली, "डाव्याक डॉक्टरीणीचा ऐकलंय. उजव्याक तुझा."

विहिरीवर कुणीतरी कळशी टेकवली, तिचा आवाज आला. पल्लवीने ऐकलं नाही असं दाखवलं. तिने सूप स्वतःकडे ओढलं आणि देठ मोडू लागली.

*

ती पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. शाळा ट्रकांच्या रस्त्यावर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खनिज भरलेले ट्रक एकामागोमाग एक जात, आणि त्यांच्यामागे तांबडी धूळ उठे. आंब्याची पानं तांबडी, वाळत घातलेल्या चादरी तांबड्या, भातावर झाकण ठेवायला विसरलं तर भातही तांबडा. टँकर पाणी मारून जाई. अर्ध्या तासात रस्ता पुन्हा कोरडा.

त्या दिवशी पल्लवी डबा विसरली होती. सुमंगला डोक्यावर मिरचीची पाटी घेऊन डिचोलीच्या बाजाराला निघाली होती, ती वाटेत शाळेत शिरली. वर्गाच्या दारात उभी राहिली, हातात डबा, कपाळावर घाम. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पळय गो, हिच्या आवयच्या तोंडार मायनची धूळ. धुवूक विसरली." बाई सोडून सगळे हसले. बाईंनीही फळ्याकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळी पल्लवीने दप्तर टाकलं आणि म्हणाली, "शाळेत येताना तोंड धुवन येत जा. चेडवां हसतत."

"धुलंय गो."

"मगे नीट घासून धू."

एवढंच. त्यापुढे एक शब्द नाही. आईनेही विचारलं नाही, कोण हसलं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून खरखर असा आवाज आला. नारळाच्या सोडणाचा चोथा ओला करून आई गाल घासत होती. तो आवाज नंतर त्या घरात रोजचाच झाला, कोंबड्याच्या आरवण्यासारखा. कुणाला ऐकूही येईनासा झाला.

नववीत असताना शाळेच्या कपाटातल्या एका आरोग्याच्या पुस्तकात पल्लवीला तो शब्द सापडला. वांग. सोबत एका बाईच्या चेहऱ्याचं चित्र होतं, दोन्ही गालांवर पानाएवढे डाग. पुष्कळ बायकांना गरोदरपणात येतात, उन्हाने वाढतात, घासल्याने अधिक काळे पडतात. तिने ते पान दोनदा वाचलं. घरी जाऊन सांगायला हवं होतं. सांगायचं म्हणजे आधी दुसरं काहीतरी कबूल करावं लागणार होतं, आणि चौदा वर्षांच्या मुलीपाशी त्याला लागतात ते शब्द नव्हते. पुढे शब्द पुष्कळ आले. ती धारगळला लग्न होऊन गेली, तिथल्या हायस्कुलात ग्रंथपाल झाली, कपाटंच्या कपाटं वाचून काढली. पण ते एक वाक्य तसंच राहिलं.

मग मायनी, म्हणजे खनिजाच्या खाणी, बंद पडल्या. ट्रक थांबले. दोन पावसाळ्यांत आंबे हिरवे झाले, चादरी पांढऱ्या वाळू लागल्या. मालतीकाकीने घराला नवा चुना काढला. फक्त सुमंगलाच्या गालांवरची धूळ गेली नाही. तिने घासणं आणखी वाढवलं.

सांगणं अवघड, ट्यूब आणून देणं सोपं. यंदा जानेवारीत पल्लवी आईला म्हापशाला घेऊन गेली ती या सोप्या वाटेने. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. दिव्याखाली गाल बघून म्हणाल्या, "मावशी, हे कधीपासून?"

"ह्या पोटात व्हता तेव्हापासून." सुमंगलाने हनुवटीनेच पल्लवीकडे दाखवलं. "चौथ्या म्हयन्यात दिसाक लागला."

"होतं पुष्कळ जणींना. काहींचं बाळंतपणानंतर जातं, तुमचं राहिलं. पण इतकं गडद नसतं झालं. तुम्ही घासता का?"

"रोज."

"अगं आई गं. कुणी सांगितलं घासायला?"

पल्लवी पायांकडे बघत होती. मान वर करायची तिची हिंमत झाली नाही.

"कोणी सांगूक होया कित्याक?" आई म्हणाली. "मायन व्हती गो बाय. धूळ व्हती."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं आणि तोंडानेही दोनदा सांगितलं. रात्री निजताना वाटाण्याएवढं, फक्त डागावर. आठ आठवडे, त्याहून एक दिवस जास्त नाही, मग मला दाखवायचं. दुकानातून आपल्या मनाने दुसरी ट्यूब आणायची नाही, त्याने चेहरा जळतो. दिवसा उन्हाचं क्रीम. आणि घासणं बंद, म्हणजे बंद.

परत येताना बसमध्ये पल्लवी खिडकीबाहेर बघत राहिली. आईने तिला वाचवलं होतं. म्हणजे आईला आठवत होतं.

*

भाजी निवडून झाली, आणि त्या रविवारी दुपारी दोघी जेवल्या. सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, सुकी, तांबड्या भाजीवर खोबरं. अमोल पाळीवरून येऊन झोपला होता. सुमंगलाने लेकीला विचारलं, जावई खोकत होते ते थांबले का, शाळेत नवी पुस्तकं आली का, आणि तू एवढी वाचतेस तर एखाद्या पुस्तकात मिरचीच्या पानांचा चुरडा जायचा उपाय का नाही सापडत. पल्लवी उत्तरं देत होती आणि आतल्या आत ते वाक्य जुळवत होती. उजव्याक तुझा. थट्टा होती की टोमणा, की इतक्या वर्षांनी आईने नुसतं दार उघडून ठेवलं होतं, ये आत म्हणून?

निघताना स्कूटरपाशी तिने हेल्मेट हातात धरलं.

"आये."

"काय गो?"

आई फाटकाला टेकून उभी होती. एक गाल उजळ, एक काळा. दुपारचं ऊन दोन्हीवर सारखंच पडलं होतं.

"काय नाय. वाफ्यात जाताना डोक्यार टोपी घाल."

"टोपी घालून राजा दिसतलंय काय मी?" सुमंगलाने मिरच्यांची पिशवी स्कूटरच्या आकड्याला अडकवली. "फुडल्या आयतारी ये. उजवो बघूक."

अस्नोड्यापर्यंत पल्लवीने मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढच्या रविवारी. दोन्ही गाल सारखे झाल्यावर आणखी सोपं जाईल.

*

मंगळवारी सकाळी ती परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारत होती. फोन वाजला. अमोल.

"ताई, आये मिरशेत पडली. उठयतंय तर उठणा नाय."

"पाणी मार तोंडार."

"मारलंय. गाडीत घातलंय. डिचोलीक नेतंय. तू ये."

फोन बंद झाला. टेबलावर तीन पुस्तकं उरली होती. पल्लवीने तिन्हींवर शिक्का मारला, तिन्ही वहीत लिहिली, वही कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं. मग नवऱ्याला फोन केला.

नवऱ्याने गाडी काढली. अस्नोड्याच्या वळणापाशी तिने बोटांवर दिवस मोजले. रविवारपासून उजव्याक. रविवारी रात्री आईने उजव्या गालाला पहिल्यांदा औषध लावलं असणार. सोमवारी दुसऱ्यांदा. आज मंगळवार.

"क्रीमान असा होता काय हो?" तिने विचारलं.

"कसल्या क्रीमान?"



डिचोलीच्या इस्पितळात अमोल बाकावर बसला होता. कारखान्याचा निळा शर्ट, पायांना चिखल. तो उभा राहिला नाही, नुसती मान हलवली. तेवढ्याने कळलं. आत पांढऱ्या चादरीखाली आई होती. चेहरा झाकलेला नव्हता. उजव्या गालाला वाफ्याची ओली तांबडी माती लागली होती, त्यात मिरचीचं एक बारीक पान. सकाळी पाणी लावता लावता ती त्याच कुशीवर पडली होती.

तरुण डॉक्टर हळू आवाजात सांगत होता. हृदय बंद पडलं, आणायच्या आधीच. त्यांना आधी काही त्रास होता का? छातीत दुखत होतं का?

"ती तोंडाला क्रीम लावत होती," पल्लवी म्हणाली.

"काय?"

"वांगाचं क्रीम. रात्री वाटाण्याएवढं. आठ आठवडे एकाच गालाला. परवापासून दुसऱ्या गालाला."

डॉक्टरने तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही हो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. क्रीमने असं होत नाही."

"दोनदाच लावलं होतं."

"ताई, खरंच नाही."

त्याने सांगितलं ते तिला पटलं. पण सुटका झाल्यासारखं काही वाटलं नाही. उलट हातातली शेवटची वस्तूही कुणी काढून घ्यावी तसं झालं. दोष द्यायला ती ट्यूबसुद्धा उरली नव्हती.

*

घरी माणसं जमली. कुणी अंगण झाडलं, कुणी फोन केले, कुणी चूल पेटवून आंघोळीचं पाणी ठेवलं. पल्लवी आईच्या खोलीत स्वच्छ लुगडं काढायला गेली. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याखालच्या फळीवर फणी, बाम, आणि दोन्ही ट्यूबा, शेपटाकडून नीट गुंडाळत आणलेल्या. कॅलेंडरच्या चौकटींत कोळशाचे बारीक ठिपके होते. रोज एक, आकड्याच्या डाव्या बाजूला. तिने मागचं पान उलटलं. तिथेही, ओळीने, एकही रात्र न चुकता. पुन्हा पुढे आली. रविवारच्या चौकटीत ठिपका उजवीकडे होता. सोमवारीही उजवीकडे.

मंगळवारची चौकट कोरी.

तिने बोट ठिपक्यावर टेकवलं, आणि कोळसा बोटाला लागेल म्हणून लगेच उचललं.

परसात विहिरीपाशी फळ्या मांडल्या होत्या. बायकांनी आडव्या चादरी धरून आडोसा केला. मालतीकाकी पुढे झाली. तीस वर्षांपासूनची शेजारीण, मेरेला मेर, बांधाला बांध लागून. तिचे डोळे सुजले होते, पण हात चालू होते. तिने कोमट पाणी ओतलं, पाय धुतले, हात धुतले, केसांतली माती काढली. तोंडावर पाणी ओतलं. तांबडा ओघळ मानेवरून खाली गेला, फळीवरून जमिनीत मुरला. डावा गाल उजळ निघाला. उजव्यावर काळपट राहिलं.

"माती कशी सुकून बसली गो," मालतीकाकी म्हणाली. तिने ओल्या फडक्याने पुसलं. पुन्हा पुसलं. "ह्या कुशीर पडली मा ती. निघणा नाय बघ." तिने इकडेतिकडे पाहिलं. विहिरीच्या कठड्यावर सोडणाचा चोथा होता, रोजच्यासारखा वाळत ठेवलेला, अजून ओलसर. तिने तो उचलला आणि गालावर टेकवला.

खरखर.

"काकी, घासू नको."

आवाज इतका मोठा निघाला की चादर धरलेल्या दोघींचे हात हलले.

"माती आसा गो बाय," मालतीकाकी समजुतीने म्हणाली. "अशी धाडतलंस आवशीक? जल्मभर नेटकी रवली ती."

"माती गेली. ह्या वांग आसा."

"वांग आसलेला, पण ता गेला मा? ह्या गालार बघ, काय नाय. एक गाल निवळ आणि एक असो, कसो आसतलो?"

"एका गालाक औषध लावलेल्यान. एकाक नाय."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दुःखाने पोर भ्रमली, असं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पल्लवी गुडघ्यांवर बसली. मालतीकाकीच्या मुठीतून तिने चोथा काढून घेतला. काकीची बोटं आधी घट्ट होती, मग सुटली. चोथा तिने मागे, नजरेआड ठेवून दिला.

कळशीतलं पाणी तिने ओंजळीत घेतलं आणि उजव्या गालावरून सोडलं. हात लावला नाही. पाणी कपाळाकडून आलं, डागावरून वाहिलं, हनुवटीवरून थेंब थेंब पडलं. ते स्वच्छ होतं. तिने पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदाही स्वच्छच. मग फडक्याचं टोक गालावर नुसतं टेकवून तिने पाणी टिपून घेतलं. इतक्या जवळून हा गाल तिने लहानपणानंतर पाहिला नव्हता. काळ्या डागावर पांढऱ्या रेघा होत्या, शेकडो, एकाच दिशेने गेलेल्या.

कुणी रडत नव्हतं. चादरीपलीकडे अमोल कुणालातरी लाकडांचं विचारत होता.

पल्लवी आईच्या कानाशी वाकली नाही. ती सरळ बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, थांबत थांबत बोलली.

"आये, पाचवीत असताना मी तुका सांगलंय, नीट घासून धू म्हणान. तुझ्या तोंडार मळ नाय व्हतो. धूळ पण नाय व्हती. ता माझ्यामुळा आयलेला. चेडवां हसली आणि माका तुझी लाज वाटली, म्हणान सांगलंय." तिने आईच्या गालावर तळवा ठेवला, तसाच, न हलवता. "आता घासू नको."